तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्प्रेशन कमी, तरी इंजिन का खोलत नाही

शहाद्याला माझ्या दुकानात जुनं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन, घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो. "गेज कमी दाखवतंय ना भाऊ, मग आजच खोल की. दोन दिवस कशाला बसवून ठेवतो?" मोटारसायकलचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, मी पटकन उतरवतो हे सगळ्यांनी पाहिलंय, म्हणून राग येतो, कळतं मला.

आधी गेजचं बोलतो. सिलिंडरात दाब किती होतो, म्हणजे कॉम्प्रेशन, ते प्लगच्या भोकात लावलेलं गेज दाखवतं. इंजिन थंड, थ्रॉटल बंद, दोरी दोनदा ओढली आणि काटा सत्तरवर थांबला, तर ते सत्तर पौंड मी मानत नाही. इंजिन टाकीत चालवून गरम करायचं, सगळे प्लग काढायचे, किल स्विचची दोरी काढून करंट बंद करायचा, थ्रॉटल पूर्ण उघडायचा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत ओढत राहायचं. नुसत्या आकड्यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरातला फरक महत्त्वाचा. तो दहा टक्क्यांच्या आत असला तर मी हेडला हात लावत नाही.

हे सगळं मला तेव्हाही येत होतं.

धडगावकडून एक दादा पिकअपमध्ये इंजिन घेऊन आले होते. दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, मुंबईकडून सेकंड हँड घेतलेलं. नर्मदेच्या फुगवट्यात त्यांची होडी, आणि तिकडच्या कित्येक पाड्यांना होडी हाच रस्ता. वरचा सिलिंडर ११५, खालचा ७५. चमचाभर टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल आत सोडून पुन्हा ओढलं, खालचा १०० वर गेला. म्हणजे दोष पिस्टनभोवतीच्या, दाब धरून ठेवणाऱ्या रिंगांचा. आकडा हलला नसता तर हेडचं पॅकिंग नाहीतर पिस्टनला भोक, असं धरलं असतं. निदान बरोबर होतं, हे मी आजही म्हणतो.

दादा समोर बसलेले, संध्याकाळी परत जायची घाई. मी पाना लावला. पाच बोल्ट सुटले. सहावा थोडा फिरला, मग एकदम मऊ लागला, आणि डोकं पान्यात आलं. इंजिनाने खाऱ्या पाण्यात वर्षं काढलेली, ॲल्युमिनियममध्ये पोलादी बोल्ट गंजून धरलेला. हे मला आधी सुचायला हवं होतं. तापवलं, डिझेल सोडलं, शेवटी ड्रिल घेतलं. ड्रिल पोलादावरून सरकलं आणि ब्लॉकमध्ये पाण्याच्या वाटेपर्यंत गेलं.

आत पाहिलं तर बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, गुळगुळीत, एकही ओरखडा नाही. वरची रिंग कार्बनने खाचेत चिकटलेली, एवढंच. प्लगच्या भोकातून कार्बन सोडवणारं औषध घालून दोन रात्री भिजू दिलं असतं तर कदाचित सुटली असती.

दादांनी विचारलं, "होईल ना भाऊ?" मी म्हणालो, उद्या. दुसऱ्या दिवशीही उद्या म्हणालो. तिसऱ्या दिवशी खरं सांगितलं. त्या मॉडेलचा ब्लॉक मिळाला नाही. मी पैसे घेतले नाहीत, दुसऱ्या इंजिनासाठी थोडे दिले, पण ते येईपर्यंत चार महिने त्यांनी वल्ही मारली. ते एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून मी भिजवतो, थांबतो, परत मोजतो.

पण तुमचंही म्हणणं खोटं नाही. मागच्या वर्षी एका इंजिनाला असंच भिजवून चालवून पाहत राहिलो. रिंग आधीच तुटलेली होती. तुकडा पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकात, अडकला आणि चांगला बोअर खरडला गेला. पहिल्या दिवशी खोललं असतं तर वाचला असता. तेव्हा चूक माझ्या थांबण्याची होती.

आत्ता दुकानात एक उभं आहे. वर १२०, खाली ८०, बोल्ट गंजलेले. परवापासून भिजतंय. मालकाचा सकाळपासून दोनदा फोन आला. उद्या गरम करून पुन्हा गेज लावतो, मग सांगतो म्हटलंय.