पिवळ्या बटाट्यासाठी लिमाला

पेरू देशाची राजधानी लिमा. तिथे ऑगस्टात ऊन फारसं दिसत नाही. समुद्रावरून करडं धुकं चढतं आणि दिवसदिवस शहरावर बसून राहतं. त्यातून जे अगदी बारीक भुरभुरतं, त्याला तिथले लोक गारूआ म्हणतात. विमानतळाच्या जूनमध्येच सुरू झालेल्या नव्याकोऱ्या टर्मिनलमधून बाहेर पडले, गारूआ तोंडावर आला आणि मला कडकडून भूक लागली. बारा वर्षांनी.

२०११ ते २०१३ अशी दोन वर्षं नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही मिराफ्लोरेस भागात भाड्याने राहत होतो. माचू पिच्चू, तितिकाका वगैरे तेव्हाच पाहून झालं होतं. या वेळी मी फक्त जेवायला गेले होते, आणि त्यातही मनात एकच पदार्थ होता, काउसा. उकडलेल्या बटाट्यात लिंबू आणि मिरचीचं वाटण मळून त्याचे थर लावायचे, मध्ये कोंबडी किंवा ट्यूना भरायचा आणि गार करून खायचं. ऐकायला सोपं वाटतं. पुण्यात मी तो निदान वीस वेळा करून पाहिला असेल. लिंबाची अडचण नव्हती, कारण तिथलं लिमोन सुतिल म्हणजे आपलं कागदी लिंबूच. मिरचीचं वाटण बाटलीतून आणलं होतं, ते पुरवून पुरवून वापरलं. पण तळेगाव बटाटा मळायला घेतला की त्याची खळ व्हायची. चव थोडीफार जमायची, पण घास कधीच जमला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुर्कियोच्या मंडईत गेले. बटाट्यांच्या गाळ्यासमोर उभी राहिले आणि हलावंसंच वाटेना. वायरो नावाचा जांभळट सालीचा, रस्सा पिऊन घेणारा. कांचान तांबूस. आणि पोत्याच्या तोंडाशी रचलेला पापा आमारिया, म्हणजे पिवळा बटाटा, खोल डोळ्यांचा, ओबडधोबड. आन्देसच्या डोंगरांत बटाट्याच्या चार हजारांहून अधिक जाती आहेत, आणि त्यांचं बियाणं सांभाळणारं आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र १९७१पासून याच लिमात आहे. आपण ज्याला बटाटा म्हणतो तो शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला, आणि मुळात तो कॅरिबियन बेटांवर रताळ्याचा होता. पेरूत बटाट्याला क्वेचुआ भाषेतला पापा हाच शब्द चालतो, रताळ्याला म्हणतात कामोते.

गाळेवालीने मला “कासेरा” अशी हाक मारली. नेहमीच्या गिऱ्हाइकाला मारायची ही हाक, आणि गिऱ्हाईकही विकणारीला कासेराच म्हणतं. मी पहिल्यांदाच तिच्याकडे आले होते, तरी तो शब्द ऐकून गळा दाटून आला. दोन किलो तोलून झाल्यावर मी म्हटलं, “आणि यापा, कासेरा?” यापा म्हणजे वर घालायचं ते, भाजीवाली मूठभर कोथिंबीर टाकते तसं. तिने हसून दोन बटाटे आणि एक रोकोतो मिरची पिशवीत टाकली.

पिशवी घेऊन थेट घरमालकीणबाईंकडे. आता त्यांची ऐंशी उलटली आहे. दार उघडून त्यांनी दोन्ही हातांनी माझे गाल धरले. “इहिता, पोरी, वाळलीस गं!” म्हणाल्या आणि सरळ स्वयंपाकघरात नेलं.

पापा आमारिया उकडताना नजर हटवून चालत नाही. जरा जास्त झाला की साल फाटते आणि बटाटा पाण्यात विरतो. बाई मधूनमधून सुरीचं टोक टोचून बघत होत्या. चटके बसत असताना साली काढल्या आणि बटाटे लगेच सोऱ्यासारख्या यंत्रातून दाबले. खाली पडलेला कीस अंड्याच्या बलकासारखा पिवळा आणि मोकळा, जरासुद्धा चिकटपणा नाही. मग आही आमारियो. नाव पिवळ्या मिरचीचं, पण पिकली की ती चांगली केशरी होते. शिरा आणि बिया काढून, उकडून वाटलेली. नाकाला आधी पिकल्या फळासारखा गोडसर वास येतो, तिखट नंतर. लिंबू, तेल, मीठ घालून पुरणासारखा गोळा झाला. बाईंनी चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवला.

“काय कमी आहे?”

“लिंबू, सेन्योरा.”

त्यांनी मान डोलावली आणि अर्धं लिंबू पिळलं. दुपारी आम्ही दोघी खिडकीजवळ बसून काउसा खाल्ला. जिभेवर तो आधी घट्ट लागतो आणि मग लोण्यासारखा विरतो. पुण्यात मला जे कधीच साधलं नाही ते हेच.

पुढचे सहा दिवस मी खात सुटले. सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा, अर्थातच दुपारी, कारण रात्री सेविचे मागायचं नसतं. चांगल्या सेविचेरिया संध्याकाळच्या आत बंदही होतात. मी मालवणकडची. बांगडा-सुरमई जन्मापासून खाल्लेली, तरी कच्च्या माशाची मला पहिल्यांदा धास्ती वाटली होती. आता तो पांढरा रस, लेचे दे तिग्रे, मी वाटीने प्यायले. लिंबू शेवटच्या थेंबापर्यंत पिळायचं नाही, नाहीतर सालीचा कडवटपणा उतरतो, हे बाईंनीच तेव्हा शिकवलं होतं. २०२३ साली सेविचेची युनेस्कोच्या वारसा यादीत नोंद झाली. त्याच वर्षी लिमाचं सेंत्राल, आणि २०२५ साली तिथलंच माइदो, जगातल्या ५० सर्वोत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत पहिलं आलं. मनापासून आनंद वाटला, पण मी दोन्हीकडे गेले नाही. माझे दिवस मोजके होते आणि ते मला ओट्याशीच घालवायचे होते.

शेवटून दुसऱ्या संध्याकाळी केनेडी बागेत पिकारोनेस खाल्ले. भोपळा आणि रताळं घालून फुगवलेल्या पिठाची कडी विकणारी बोटांनी तेलात सोडते, काठीने उलटते आणि वर चांकाकाचा पाक ओतते. चांकाका म्हणजे चक्क गूळ. पहिल्याच घासाला मला आईचे भोपळ्याचे घारगे आठवले. घरी येऊन मी बाईंना घारग्यांबद्दल सांगितलं. आंबवत नाही, पाकही नाही, गूळ पिठातच, आणि पुरीसारखे थापून तळायचे. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या.

“तांदळाचं पीठ घालता का?”

“थोडं, कुरकुरीत व्हायला.”

सकाळी आठला त्या कोट घालून दाराशी उभ्या होत्या, हातात मंडईची पिशवी. आम्ही सुर्कियोला गेलो. तिथला मोठा भोपळा अख्खा कुणी नेत नाही, कापून विकतात. बाईंनी गर दाबून बघत दोन फोडी परत केल्या, तिसरी घेतली. मग चांकाकाची एक ढेप घेतली आणि गाळेवालीला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “आज हिच्या आईचा पदार्थ आहे. यापा चांगली घाल.”