मला स्टेरॉइड, काकांना नाही

फुप्फुसांच्या बारीक सीटी स्कॅनच्या, म्हणजे एचआरसीटीच्या, रिपोर्टात ‘फायब्रोसिस’ (फुप्फुसात पडलेले वण) दिसलं आणि घरातले सगळे गुगलवर तुटून पडले. सापडलं एकच: आयपीएफ, म्हणजे कारण न कळता फुप्फुसात वण वाढत जाण्याचा आजार, आणि आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षं. त्याआधी कितीतरी महिने कोरडा खोकला होता, जिना चढताना धाप लागत होती. एका डॉक्टरांनी थुंकीत काही नसताना टीबीचा कोर्सही सुरू केला होता. आपल्याकडे छातीत डाग म्हणजे आधी टीबीच!

छातीच्या डॉक्टरांनी मात्र प्रश्नांचा सपाटा लावला. घरात कूलर आहे? भिंतींना ओल? सकाळी सांधे आखडतात? कबुतरं? ठाण्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या डक्टमध्ये कबुतरांचाच संसार, आणि बाथरूमची खिडकी नेमकी तिथेच उघडते. मग पुन्हा सीटी, या वेळी श्वास पूर्ण सोडून तसंच थांबायचं. फुप्फुसात जागोजागी हवा अडकलेली दिसली. निदान: हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून जाणाऱ्या कबुतरांच्या विष्ठेसारख्या गोष्टींच्या अ‍ॅलर्जीने फुप्फुसांना येणारी सूज. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या अशा फुप्फुसविकारांच्या १०८४ रुग्णांच्या नोंदीत जवळपास निम्मे याच आजाराचे होते. आयपीएफचे १४ टक्क्यांच्या आसपास.

सहा मिनिटांच्या चालण्याच्या टेस्टसाठी बाकावर बसले असताना शेजारच्या काकांनी आपली फाइल माझ्या फाइलला लावून पाहिली. त्यांचा आयपीएफ, सीटीत फुप्फुसांच्या तळाशी, कडेला मधाच्या पोळ्यासारखी जाळी. “तुम्हाला स्टेरॉइड, मग मला का नाही? मला नुसती जुलाब लावणारी गोळी!” ती गोळी निन्टेडानिब, वण वाढण्याचा वेग कमी करणारी.

आत गेल्यावर मी डॉक्टरांना तेच विचारलं. ते म्हणाले, पूर्वी आयपीएफलाही स्टेरॉइड आणि अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) देत. अमेरिकेतल्या एका चाचणीत ही दोन्ही औषधं असलेल्या उपचाराने मृत्यू वाढलेले दिसले, २०१२ मध्ये ते छापून आलं आणि ती पद्धत थांबली. माझ्या फुप्फुसात सूज आहे, तिच्यावर स्टेरॉइड चालतं. जे वण पडलेत ते काही पुसले जाणार नाहीत. आणि वण वाढत गेले, तर मलाही काकांचीच गोळी. म्हणजे हेवा करण्यासारखं माझ्याकडेही फारसं काही नव्हतं.

मुख्य औषध कबुतरं बंद करणं, असं डॉक्टर दोनदा बोलले. डक्टला जाळी बसली. विष्ठा खरवडून काढेपर्यंत मी बहिणीकडे राहिले. वरच्या मजल्यावरून दाणे टाकणं मात्र चालूच आहे. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला फाइल घेऊन जाणार आहे.