सागवानावरची बारीक अक्षरे

दादरच्या घरासाठी सागवानी नावाची पाटी सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्रावर कोरताना, ८ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत ‘क्ष’ची गाठ पहिल्या प्रयत्नात पार बुजली आणि मला फार रुखरुख लागली. ६० अंशांचे व्ही-बिट (व्ही आकाराच्या टोकाचे कोरायचे पाते) १ मिलिमीटर खोल गेले की रेघ सुमारे १.१५ मिलिमीटर रुंद होते. त्यामुळे मुंबईच्या पावसाळी दमटपणाने फळीला आलेला किंचित बाकही शिरोरेषेची जाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बदलून टाकतो. आता मी आधी त्याच यंत्रावर फळी तासून सपाट करतो, शेलॅकचा (लाखेच्या रोगणाचा) हात देतो आणि रेघ बारीक यावी म्हणून ३० अंशांचे बिट लावतो (त्याचे टोक मात्र नाजूक असते). शिरोरेषा लाकडाच्या रेषांना समांतर ठेवली, तरी वेलांटीचे वळण त्यांना आडवे जातेच. तिथे उचकटलेले तंतू दुसऱ्या, अगदी उथळ फेऱ्याने स्वच्छ निघतात.