एकच लाईन आली, आता पुढे?

मागच्या महिन्यात एकदा ओपीडी संपत आली होती आणि एक मुलगी दारातच घुटमळत होती, कडेवर आठ महिन्यांचं बाळ, बाहेर बाकावर सासू. आत आली नि हळूच म्हणाली, सिस्टर, निश्चयचं किट आहे का. म्हणजे दिवस गेलेत का ते बघायचं किट, एक लाईन आली तर नाहीत, दोन आल्या तर गेलेत. बाळंतपणानंतर पाळीच आली नव्हती आणि अंगावर पाजतेय तोवर दिवस जात नाहीत असं आईने सांगितलेलं. अगं ते पहिल्या सहा महिन्यांपुरतं, तेही बाळाला वरचं काही देत नसशील तर! हिचं बाळ माझ्यासमोर बिस्कीट चघळत होतं.

किटवर लघवीचे थेंब टाकले की पाच मिनिटं थांबायचं असतं. बोलून घ्यायचं ते तेवढ्यातच, कारण एक लाईन दिसली की बाई पळते, मग तुम्ही काहीही सांगा. नवीन असताना मी पण "निगेटिव्ह आहे, जा" म्हणून रजिस्टर भरायचे. त्यातलीच एक दोन महिन्यांनी परत आली, यावेळी दोन लाईन, आणि म्हणाली तुम्ही तेव्हा काहीच बोलला नाहीत. अजून टोचतं ते.

आता पहिला प्रश्न हाच, मूल हवंय का नकोय? सगळ्याच घाबरून आलेल्या नसतात हो, काहींना एक लाईन बघून रडू फुटतं, त्यांच्यापुढे तांबीचं, म्हणजे कॉपर-टीचं, पुराण कशाला लावायचं.

हिला अजून तीन वर्षं तरी नको होतं. तांबी म्हटल्यावर "ती वर चढते म्हणे", झालं, तो विषय तिथेच बंद. दिवस राहू नयेत म्हणून असतं ते अंतरा इंजेक्शन सांगितलं, तीन महिन्यांतून एकदा, पण पाळी पुढेमागे होते, बंदही होते, आणि सोडल्यावर दिवस राहायला काही महिने जातात. हे आधी सांगितलं नाही तर पाळी चुकली म्हणून बाई पुन्हा किट मागायला हजर! शेवटी छाया गोळी पटली, हार्मोन नाही, पाजणाऱ्या आईला चालते, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच.

लाईन एकच आली. पण नवरा ट्रकवर, दहा दिवसांपूर्वीच घरी येऊन गेलेला, म्हणजे आजच्या निगेटिव्हचा भरवसा नाही. म्हटलं पंधरा दिवसांनी परत ये, मधे तो आला तर हे निरोध वापरा.

आली बरोब्बर. परत एकच लाईन. गोळीचे वार सोमवार-गुरुवार ठरवले, कारण सोमवारी गावचा बाजार असतो, विसरायची नाही म्हणे. मोबाईलमधे अलार्म लावून दाखवला, त्याला नाव दिलेलं "गॅस नंबर".

म्हटलं हे काय?

"सासूबाईंना वाचता येतं ना, सिस्टर."