सूर्य संच झाला

आज संध्याकाळी पुतणीच्या वहीत ‘द सन सेट’ या इंग्रजी वाक्याचे ‘सूर्य संच झाला’ हे भाषांतर वाचले आणि त्यापुढे तिने स्वतःच काढलेले बारीकसे प्रश्नचिन्ह पाहून मी थबकले. ‘सेट’ म्हणजे संच, एवढेच तिने पाठ केले होते.

ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत या छोट्याशा शब्दाचे सुमारे ४३० अर्थ आहेत. मराठीत सूर्य मावळतो, मोडलेले हाड बसवतात, ताटे मांडतात. इंग्रजीत या सगळ्याला हा एकच शब्द पुरतो.

मी तिला विचारले, ‘‘भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, दहीसुद्धा लागते, हे ‘लागणे’ तुला कुणी शिकवले गं?’’ ती बराच वेळ पेन्सिल चावत राहिली.

मग इंग्रजी शब्दांचे अर्थच आपण मुलांकडून असे सुटे सुटे का पाठ करून घेतो?