लहान मुलांचंच ना, मग सोपं असेल

"मला लहान मुलांची नर्स व्हायचंय," भाची आज सगळ्यांसमोर बोलली आणि लगेच कुणीतरी म्हणालं, "लहान मुलांचंच ना, मग सोपं असेल." ती गप्प झाली. मला मात्र ते दिवसभर टोचतंय.

सोपं कसलं? नवजात बाळाचा श्वास मिनिटाला 40 ते 60, मोठ्या माणसाचा एवढा झाला तर धावपळ उडेल, इथे तेच नॉर्मल. औषध वजनावर, किलोमागे किती मिलिग्रॅम असा हिशोब, आणि दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस थेट दहापट, म्हणून बऱ्याच ठिकाणी दोन नर्स वेगवेगळा हिशोब करून ताडून बघतात. एवढ्याशा हातात शीर दिसत नाही तर तळव्याखालून लाइट लावून शोधतात. आणि पेशंटला तर बोलताच येत नाही, मग चेहरा कसा करतोय, पाय आखडतोय का, रडणं कसं आहे, जवळ घेतल्यावर शांत होतोय का, हे बघून दुखण्याला मार्क द्यायचे. हे सगळं शिकावं लागतं हो!

बरं, नुसते डॉक्टर-नर्सच नाहीत, मुलांचे फिजिओ, स्पीच थेरपिस्ट, ऑपरेशनआधी बाहुलीला मास्क लावून दाखवत पोराची भीती घालवणारे चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट, ही पण पूर्ण वेळाची करिअर आहेत, घरात कुणी नावच काढत नाही.

तुमच्यापैकी कुणी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, किंवा मुलांच्या वॉर्डात काम करतंय का? भाचीशी दहा मिनिटं बोलाल?