सोलवँग: एलए ते सॅन फ्रान्सिस्को वाटेवरचं डॅनिश गाव

कॅलिफोर्नियात एलएहून (लॉस एंजेलिसहून) सॅन फ्रान्सिस्कोला गाडीने जाताना आपली बहुतेक मंडळी सोलवँगला तासभर थांबतात. पवनचक्कीपुढे फोटो, हातात एक पेस्ट्री, कॉफी, की निघाले पुढे. या वेळी भारतातून आई-बाबा आले होते, म्हणून आम्ही तिथे मुक्काम केला. माझं आता ठाम मत आहे: या गावाला एक संध्याकाळ आणि एक सकाळ द्याच.

सांता बार्बरापर्यंत हायवे १०१. तिथून दोन वाटा फुटतात. १०१नेच समुद्राच्या कडेने गॅव्हिओटापर्यंत जायचं, पुढे ब्युएल्टनला उतरून २४६वर उजवीकडे तीनेक मैल. हा रस्ता सोपा. दुसरी वाट १५४ची, सॅन मार्कोस खिंडीतून. चांगला वळणावळणाचा घाट आहे. उतरताना उजव्या हाताला कचूमा तलाव दिसतो. उजेड असेल तर हाच रस्ता घ्या. गाडी लागणारं कुणी बरोबर असेल किंवा अंधार पडला असेल, तर मात्र १०१च बरा.

गावात सार्वजनिक पार्किंग फुकट आहे, पण शनिवार-रविवारी सकाळी लवकर पोचा. एकदा गाडी लावली की पुढचं सगळं पायी होतं. कोपनहेगन ड्राइव्ह आणि अलिसाल रोड हे दोन रस्ते म्हणजे गावाचा गाभा: लाकडी पट्ट्यांच्या भिंती, उतरती छपरं, त्यांवर लाकडाचे करकोचे. कोपनहेगनच्या गोल मनोऱ्याची एक-तृतीयांश आकाराची प्रतिकृती आहे, तिथल्या छोट्या जलपरीच्या पुतळ्याचीही आहे.

हे सगळं पर्यटकांसाठी उभारलेलं, नकली आहे, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. १९११ साली मिडवेस्टमधल्या डॅनिश पाद्री-शिक्षकांनी इथे सुमारे नऊ हजार एकर जमीन घेतली ती आपली भाषा, आपलं चर्च आणि आपली शाळा टिकावी म्हणून. १९१४मध्ये त्यांनी अ‍ॅटरडॅग कॉलेज बांधलं. सुरुवातीची घरं साधीच होती. आजचं रूप मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरचं. १९४७मध्ये एका मोठ्या अमेरिकन साप्ताहिकात गावावर लेख आला, लोकांची रीघ लागली आणि दुकानांचे दर्शनी भाग बदलत गेले. अमेरिकेत रविवारची मराठी शाळा चालवणाऱ्यांना या मंडळींची तळमळ वेगळी समजावून सांगायला नको.

म्हणूनच दोन ठिकाणं चुकवू नका. एक, १९२८चं बेथानिया लुथरन चर्च. दार उघडं असेल तर आत जाऊन वर बघा: छताला शिडाच्या जहाजाची प्रतिकृती टांगलेली आहे, दर्यावर्दी डेन्मार्कच्या चर्चमधल्या प्रथेप्रमाणे. दुसरं, एल्व्हरहॉय संग्रहालय. एका शिल्पकार-चित्रकार जोडप्याचं हे पूर्वीचं राहतं घर, डेन्मार्कच्या जटलंड भागातल्या जुन्या शेतघराच्या धर्तीवर बांधलेलं. आठवड्यातले काही दिवस ते बंद असतं, त्यामुळे वेळा आधी पाहून ठेवा.

खाण्यात पहिला मान एबलस्कीवरचा, म्हणजे गोळ्यासारख्या डॅनिश पॅनकेकचा. कोपनहेगन ड्राइव्हवर एका खिडकीशी ते करताना बघता येतात. ओतीव लोखंडाचं खळग्यांचं भांडं, थेट आपलं आप्पेपात्र. कडा जमल्या की टोकदार काडीने गोळा थोडा फिरवतात, आतलं ओलं पीठ खाली ओघळतं, पुन्हा थोडा फिरवतात, असं करत तो गोल होतो. वर रास्पबेरी जॅम आणि पिठीसाखर. आई तिथून हलायलाच तयार नव्हती! पिठात अंडं असतं, न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. जेवणाच्या डॅनिश थाळ्यांत सॉसेज आणि मांसाचे गोळेच जास्त, तेव्हा शाकाहारी लोकांनी रात्रीच्या जेवणाची सोय आधी बघावी.

सकाळी गर्दी व्हायच्या आत मिशन सांता इनेस या जुन्या स्पॅनिश कॅथलिक मिशनला चालत जा. हे १८०४चं, म्हणजे डॅनिश लोक येण्याच्या शंभरहून अधिक वर्षं आधीचं. ही जमीन त्याही आधी इथल्या मूळ रहिवाशांची, चुमाश लोकांची. १८२४मध्ये एका चुमाश तरुणाला सैनिकांनी फटके मारले आणि त्यातून उठावाची ठिणगी इथेच पडली. पवनचक्क्या बघून परत फिरणाऱ्यांपर्यंत हा इतिहास पोचतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

उन्हाळ्यातही स्वेटर जवळ ठेवा. दुपारी कडक ऊन असलं तरी सूर्य कलला की गारठा येतो. दुकानं लवकर बंद होतात, म्हणून खरेदी संध्याकाळवर ढकलू नका. सप्टेंबरमध्ये डॅनिश डेज हा उत्सव असतो, तेव्हा जायचं तर खोली बरीच आधी बुक करा. एरवी सोमवार ते गुरुवार भाडं कमी पडतं. मुलं बरोबर असतील तर ब्युएल्टनच्या वाटेवर शहामृगांचं फार्म लागतं, तिथे त्यांना स्वतःच्या हाताने खाऊ घालता येतं. तिथून १०१ लगेच लागतो.